हातभर कमी

वंदना, तुझ्या तेराव्याला आलेल्या प्रत्येकाने भिंतीचं कौतुक केलं.

खरंच सांगते. पंगतीतून उठून, हात धुऊन माणसं दोन-दोन, तीन-तीन करून आधी माझ्या जिन्याने वर गेली, मग उतरून तुझ्या जिन्याने वर गेली आणि खाली येऊन सुपारी चघळत म्हणाली, "भिंत बाकी पक्की निघाली हो." माझ्या बाजूने ती काळीठिक्कर आहे, गिलावा सोलून विटा उघड्या पडल्या आहेत. तुझ्या बाजूला तुझ्या लेकीने, पिहूने शाळेत काढलेला मोर अजून चिकटवलेला आहे. कागद धुराने मळलाय, पण त्याचा एक कोपरासुद्धा जळलेला नाही. नणंदबाई जळगावहून आल्या होत्या, त्यांनी तर भिंतीला हात लावून तो कपाळाला लावला. तू असतीस तर आपण दोघी तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात पळालो असतो. मी एकटीच उभी होते आणि मला नणंदबाईंच्या हातावर फटका मारावासा वाटत होता.

कारण त्यांच्यापैकी कोणीच मान वर करून पाहिलं नाही. भिंत जिथे संपते आणि पत्रा जिथे सुरू होतो त्यांच्यामध्ये जी मोकळी जागा आहे, ती कोणालाच दिसली नाही. आपलं घर बांधलं तेव्हापासून त्या जागेला आपण 'हातभर' म्हणायचो. "हातभरातून टाक गं," असं तू म्हणायचीस. त्या हातभरातूनच धूर तुझ्याकडे आला.

तू जळली नाहीस. अंगावर एक फोड नव्हता. माझ्या वरच्या खोलीत, जिथे माझं शिलाईचं मशीन आणि परकरांच्या कापडाचे गठ्ठे होते, तिथे इन्व्हर्टर पेटला. मी शनवाऱ्याच्या बाजारात दोरा आणायला गेले होते. हे पॉवरलूमवर, भाऊजी केळीच्या गाड्या भरायला, पिहू शाळेत. तुला दोन दिवस सर्दी-ताप होता, पौषातली थंडी होती, आणि दुपारी पत्र्याखाली ऊब असते म्हणून तू गोळी घेऊन, खिडक्या लावून, डोक्यावरून गोधडी ओढून वर झोपली होतीस. शेजाऱ्यांनी माझ्या खिडकीतून धूर पाहिला, माझं कुलूप फोडलं, माझी आग विझवली. तुझ्या खिडक्या बंद, तुझ्याकडे ज्वाळा नाही. तुझ्या दाराशी कोणी गेलंच नाही. मी रिक्षातून उतरले तेव्हा कोणीतरी म्हणालं, "दुसरं घर वाचलं, बाई, नशीब समजा."

नशीब! हा शब्द मी त्या दिवसापासून इतक्यांदा ऐकलाय की त्याची मला शिसारी आली आहे. नशीब, देवाची मर्जी, वेळ भरली होती. आणि शॉर्टसर्किट. शॉर्टसर्किट म्हटलं की सगळे मान डोलवतात, जणू तो कोणी परगावचा माणूस होता, आला आणि करून गेला. मला मात्र माहीत आहे ती जागा हातभर कोणी ठेवली.

तुला आठवतं, पाया भरून झाला होता आणि आपण वाळूच्या ढिगावर बसून चहा पीत होतो. तुझी पिहू तीन वर्षांची, वाळूत हात घालून बसलेली. एक प्लॉट, दोन भाऊ, दोन दारं, दोन जिने, मध्ये एक भिंत आणि वर दोघांना मिळून एकच पत्रा, असा बेत ठरला होता. हे आणि भाऊजी रफीक मिस्त्रीशी खिडक्यांबद्दल बोलत होते. तेवढ्यात तू कप खाली ठेवलास आणि यांना म्हणालीस, "दादा, मधली भिंत पार पत्र्यापर्यंत न्या लागते. नऊ इंची. दोन्हीकून पलस्तर, आन वर पत्र्याले मालानं गच्च बंद. भिंतीतून वायर नाई, पाइप नाई, एक भोक नाई."

सगळे गप्प झाले. तुझे वडील नेपानगरला कागद कारखान्यात होते, आग विझवणाऱ्या माणसांत. कॉलनीतल्या इतर मुली दोरीवरच्या उड्या मारायच्या तेव्हा तू वाळूच्या बादल्या मोजायचीस, हे तूच मला सांगितलं होतं. कागदाच्या गिरणीत वाढलेल्या मुलीला आग म्हणजे काय ते कळतं. तू सांगत होतीस, "आमचे बाबा म्हणतात, आग काही आंधळी नसते. तिला फट बरोब्बर दिसते. भिंत ती फोडत नाही, वरून जाते." तू आगीबद्दल बोलत होतीस. भाऊजींनी ऐकलं, यांनी ऐकलं, मिस्त्रीने तर मान हलवली.

मी ऐकलं ते एवढंच, की धाकटी जाऊ म्हणते मधली भिंत पुरी घाला.

आता तुला हे सांगून काय उपयोग, पण तू कधी विचारलं नाहीस म्हणून सांगते. माझ्या माहेरी, डोईफोडियाला, 'भिंत घातली' म्हणजे विटा-मातीची गोष्ट नसते. 'त्यांच्यात भिंत पडली' म्हटलं की माणसं आवाज खाली करतात. मी दहा वर्षांची असताना माझ्या काकाने अंगणात भिंत घातली. विहीर पलीकडे गेली, गोठा अलीकडे राहिला. बाबा आणि काका त्यानंतर बोलले नाहीत. काका वारला तेव्हा आम्हाला कोणी निरोप दिला नाही, भिंतीपलीकडून रडणं ऐकू आलं त्यावरून बाबांना कळलं. ते भिंतीला पाठ लावून बसून राहिले. दार होतं, रस्ता होता, वीस पावलांचं अंतर होतं. ते गेले नाहीत. मी तेव्हा ठरवलं होतं की मी नांदेन त्या घरात कोणाला भिंत घालू देणार नाही. आणि तू चहाचा कप खाली ठेवून नेमकं तेच मागत होतीस.

म्हणून मी सगळ्यांसमोर म्हटलं, "अजून घर उभं राह्यलं नाई, आन हिले भिंत घालाची घाई झाली."

तुझा चेहरा उतरला. तू मला समजावत राहिलीस आणि मी तुला टोचत राहिले. तू म्हणालीस, "ताई, भिंत वर पुरी करू, आन खाली आपल्या दोघींत एक दार ठेवू. चांगलं जाड दार. दार लावता येते, उघडता येते. फटीले काय करशीन?" मी म्हटलं, "दाराले कडी असते, बाई. आज मी लावली नाई तर उद्या तू लावशीन."  इतकं सरळ, इतकं शहाणं बोलणं होतं तुझं, आणि मी ते कडीवर नेऊन अडकवलं.

मग रफीक मिस्त्रीने मध्यस्थी केली. बिचाऱ्याला वाटलं, बायकांचं भांडण आहे, दोघींना थोडं थोडं द्यावं. तो म्हणाला, "बहनजी, ऐसा करते हैं, ऊपर हाथ भर छोड देता हूँ. भिंत भी हो गई, और हवा भी चलती रहेगी." मी लगेच हो म्हटलं. मला जिंकल्यासारखं वाटलं. तू वर, जिथे अजून नुसतं आभाळ होतं तिकडे पाहिलंस आणि पिहूचे वाळूने भरलेले हात झटकायला लागलीस.

पण का मान्य केलंस गं? हा माझा तुझ्यावरचा राग आहे आणि तो मी सोडणार नाही. तुला माहीत होतं. आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, तुला होतं. तू भांडायला हवं होतंस. माहेरी निघून जायचंस, चार दिवस जेवायचं नाहीस, भाऊजींचं डोकं खायचंस. साडीच्या रंगावरून माझ्याशी दोन दिवस अबोला धरणारी तू, आणि जिवाच्या गोष्टीत एका टोमण्याने गप्प बसलीस. वर मी तुझं नाव 'भिंतवाली' पाडलं तेही हसून घेतलंस. हळदीकुंकवाला बायकांत मी म्हणायचे, "ही आमची भिंतवाली," आणि तू कुंकू लावून घेत हसायचीस.

आणि तू म्हणशील, ते हातभर काय नुसतं वाईटच होतं का? नाही. तेच तर दुखतं.

त्या हातभरातून आपण किती काय एकमेकींकडे फेकलं! दोऱ्याची रिळं, लिंबं, सेफ्टीपिनांची पाकिटं, डोकं दुखण्याच्या गोळ्या. एकदा तू मावा जिलेबी पिशवीत बांधून भिरकावलीस ती भिंतीच्या माथ्यावरच अडकली. ना तुझा हात पोचे ना माझा. तीन दिवस आपल्या दोन्ही घरांत मुंग्यांची रांग लागली होती आणि हे विचारत होते, या येतात कुठून. चार वाजले की तुझी हाक यायची, "ताई, मशीन थांबव, चहा टाकला." माझ्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर तूच दोन्ही घरं ओढलीस. गोळीची वेळ झाली की वरून ओरडायचीस, आणि मी "घेतली" म्हटलं की म्हणायचीस, "पाण्याचा आवाज नाई आला." माझ्या गुडघ्यामुळे अंगणातल्या तुळशीला पाणी घालायचं काम तू तेव्हा घेतलंस ते तू जाईपर्यंत पुन्हा माझ्याकडे दिलंच नाहीस. सख्ख्या बहिणीने इतकं केलं नसतं. मी तुला हे कधी म्हटलं नाही. मनात होतं, तोंडातून निघालं नाही.

तोंडातून निघायचं ते भलतंच. एकदा मी यांना म्हटलं, "नेपानगरच्या क्वार्टरमध्ये वाढली, पण ऐट अशी की जशी सायबाची पोरगी." दुसऱ्या दिवशी तू कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन आलीस, ताट माझ्यापुढे ठेवलंस आणि म्हणालीस, "घे ताई. ऐट नाई आहे, भाकर आहे." मी खाली बघत भाकरीचे तुकडे करत राहिले. तू मात्र समोर बसून गालात हसत होतीस. हातभरातून तू सगळं ऐकत होतीस. मी जे जे तुझ्याबद्दल बोलले ते तू ऐकलंस आणि तरी चार वाजता चहाची हाक मारलीस.

आता ती गोष्ट, जी या घरात फक्त तुला आणि मला ठाऊक होती.

गेल्या पावसाळ्यात माझं काम वाढलं. कापडाचे गठ्ठे मी मधल्या भिंतीला लावून रचायला लागले. रचता रचता ते पार हातभरापर्यंत गेले. तू एकदा म्हणालीसही, "ताई, गठ्ठे तिकून दुसऱ्या भिंतीले लाव ना. तुझा इन्व्हर्टर तिथंच आहे." मी म्हटलं, "झाली हिची नेपानगरची शाळा सुरू." मग काही दिवसांनी मला जाणवलं की तुझी हाक जरा बसकी ऐकू येते. मला वाटलं, गठ्ठ्यांमुळे असेल.

दिवाळीच्या साफसफाईत मी गठ्ठे उतरवले. बघते तर हातभराच्या एका टोकाला, तुझी खाट असते त्या टोकापासून अर्ध्या फटीपर्यंत, विटा लावलेल्या. आपल्या बांधकामातून उरलेल्या, मागच्या गल्लीत पडलेल्या विटा. माल नव्हता, सिमेंट नव्हतं, फटींत नुसती माती दाबलेली होती आणि तीवर बोटांचे ठसे होते. तू एकेक वीट पदराखाली वर नेली असशील, स्टुलावर चढून, हात पुरत नसताना. माझ्या गठ्ठ्यांच्या आडून तू आपली भिंत पुरी करत होतीस. कोणाला न विचारता, कोणाला न दुखवता.

मला काय वाटायला हवं होतं? आणि मला काय वाटलं! मला वाटलं, बघा, शेवटी घातलीच हिने भिंत. तीही चोरून. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या दिवशी तू पिहूला घेऊन फटाके आणायला गेली होतीस. मी शिडी लावली आणि एकेक करून सगळ्या विटा काढल्या. ओली माती माझ्या नखांत गेली. विटा खाली आणल्या आणि अंगणात तुळशीभोवती गोल आळं करून लावल्या, अगदी दारासमोर, तुला दिसतील अशा. मला वाटलं तू भांडायला येशील. मी तयारीच करून ठेवली होती काय काय बोलायचं ते.

तू आलीस, पिशवी खाली ठेवलीस, आळ्याकडे पाहिलंस. पिहू तिच्या शाळेतल्या हिंदीत मला म्हणाली, "मोठी आई, कितना सुंदर बनाया!" तू म्हणालीस, "हो, छान झालं." आणि आत गेलीस.

त्यानंतर तू वीट लावली नाहीस. मी गठ्ठे पुन्हा रचले, पहिल्याहून उंच.

परवा मी रफीक मिस्त्रीला आडवळणाने विचारलं, अर्धी फट बंद असती तर फरक पडला असता का. तो म्हणाला, "आधी बंद मतलब खुली ही समझो." मला क्षणभर हायसं वाटलं. मग लगेच कळलं की ती अर्धी होती कारण मी ती अर्धी असताना मोडली. दिवाळी ते पौष, दोन महिन्यांत तू उरलेली केली असतीस. तुझा हात सावकाश चालायचा पण थांबायचा नाही. हे मला मिस्त्रीला विचारायची गरज नव्हती.

तर तेराव्याला पान-सुपारी झाल्यावर नणंदबाईंनी बैठक बसवली. म्हणाल्या, "आता दोन चुली कशाले? पिहू पोरकी झाली. मधली भिंत पाडून टाका, एक घर करा. तिलेही बरं, भास्करलेही बरं." सगळ्यांनी माना हलवल्या. भास्करभाऊजी कोपऱ्यात बसले होते, डोकं मुंडलेलं, टोपी हातात. हे माझ्याकडे बघत होते. त्यांना खात्री होती की मी आनंदाने हो म्हणणार. भिंतीच्या नावाने बोटं मोडणारी मीच ना!

मी म्हटलं, "भिंत पाडाची नाई. भिंत पत्र्यापर्यंत जाईन. गच्च बंद. पिहूचं जेवणखाण माझ्याकडं, त्याची चिंता नाई. पण भिंत पुरी होईन."

वंदना, त्या वेळी जे झालं ते तू पाहायला हवं होतंस. वाळूच्या ढिगावर तुझ्या वाट्याला आलं होतं तेच, फक्त आता माझ्या वाट्याला. तीच शांतता. नणंदबाई म्हणाल्या, "वंदीले जाऊन पुरते तेरा दिवस नाई झाले, आन तू दिराले तोडते?" कोणीतरी मागून म्हणालं, तहान लागल्यावर विहीर खणायला निघाली, आता काय उपयोग. एक बाई दुसरीच्या कानात बोलली आणि मला त्यातला एकच शब्द ऐकू आला, भिंतवाली. तुझं नाव आता मला पडलं. मी काही समजावलं नाही. कसं समजावणार, तुझ्याकडे तरी बापाचा दाखला होता. माझ्याकडे जो दाखला होता तो तोंडातून काढायची हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी भाऊजी आले. माझ्या धाकट्या भावासारखा तो माणूस, माझ्या लग्नात हाफपँटमध्ये माझ्या मागे मागे फिरत होता. दारातच उभे राहिले. म्हणाले, "वहिनी, माझं काही चुकलं का? वंदनाचं काही चुकलं का? बाकीचे बोलले असते तर मले काही वाटलं नसतं. तुम्ही काहून?" आणि रडायला लागले.

मला दोन वाटा होत्या. त्यांना म्हणता आलं असतं, भाऊजी, वंदनाचीच इच्छा होती, तिच्या आठवणीसाठी करते. ते खरंही होतं. त्यांनी माझे पाय धरले असते आणि गावभर सांगितलं असतं की माझी वहिनी म्हणजे देवमाणूस. मी तोंड उघडलं ते हेच सांगायला. पण त्यांच्यामागे अंगणात तुळस दिसत होती आणि तिच्याभोवती तुझ्या विटा.

मी त्यांना सांगितलं. गठ्ठे, माती, बोटांचे ठसे, शिडी, सगळं. "तिनं लावल्या होत्या. मी काढल्या," असं स्पष्ट सांगितलं.

ते रडायचे थांबले.  मला वाटलं ओरडतील. मला वाटलं हात उगारतील, आणि मला ते चाललं असतं. त्यांनी टोपी डोक्यावर घातली, तुळशीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "मिस्त्रीले सांगा. पत्र्यापर्यंत घ्या."

एवढंच. 'वहिनी' म्हटलं नाही. 'पत्र्यापर्यंत घ्या' हे त्यांनी कोणत्या अर्थाने म्हटलं ते मी विचारलं नाही. तू ज्या अर्थाने म्हणायचीस त्या की माझ्या माहेरच्या, ते मला त्यांच्या पाठीकडे बघूनच कळलं. पिहू आता जेवायला माझ्याकडे येत नाही. भाऊजी तिचा डबा खानावळीतून आणतात. काल ती रस्त्याच्या कडेने शाळेतून येताना दिसली, मी हाक मारली, तिने पाहिलं आणि तुमच्या दाराने आत गेली. वीस पावलांचं अंतर आहे. मी माझ्या दारात उभी होते आणि मला बाबांची भिंतीला टेकलेली पाठ आठवली.

आज सकाळी रफीक मिस्त्री आला. वर दोन थर चढले, तिसरा चढला. दुपारपर्यंत हातभराचं वीतभर राहिलं. तुझ्या बाजूचा उजेड माझ्या खोलीत यायचा तो बारीक होत गेला. शेवटच्या थराला विटा कमी पडल्या. मिस्त्री म्हणाला, बाजारातून आणायला जातो. मी म्हटलं, थांबा. खाली गेले, आळं मोडलं आणि तुझ्या विटा पाटीत भरून गुडघ्यावर हात ठेवत ठेवत वर आणल्या.

त्याने पहिली वीट हातात घेतली, उलटसुलट केली आणि बादली बाजूला सारली. म्हणाला, "ये तो अंदर तक गीली है, बहनजी. भिगोने की जरूरत ही नहीं. ऐसी ईंट माल को अच्छा पकडती है."

मी मान हलवली. दिवाळीपासून तुळशीला रोज सकाळी पाणी कोण घालत होतं, ते मी त्याला सांगितलं नाही.